थेंबभरही पाणी न घालता

सत्य बोलणे एरवी फारसे अवघड नसते. परक्याच्या बाबतीत तर ते अंमळ सुखावहच वाटते. अवघड होते ते तेव्हा, जेव्हा त्या सत्याच्या एका टोकाला जन्मदाता उभा असतो आणि दुसऱ्या टोकाला, ज्याच्यासोबत जन्म काढावा असे नुकतेच वाटू लागले आहे, तो मनुष्य. अशा वेळी मौन विनयाचे वस्त्र पांघरून दाराशी येते, आणि त्याला विनय समजून आत घेणारे आपल्यात थोडे नाहीत. या कथेतील मुलीने त्याला दार उघडले नाही. तिने बरे केले की वाईट, हे वाचकांनी आपापल्या अंतःकरणाला विचारावे. आम्ही मात्र तिच्या बाजूचे आहोत, हे आधीच सांगून टाकतो.

ती एका संशोधनशाळेत काम करीत असे. सिमेंटमध्ये पाणी मिसळले की जो करडा लगदा होतो, तो किती काळ मऊ राहतो, केव्हा आळतो, आळताना किती तापतो आणि वाळताना किती आकसतो, हे पाहण्यात तिचे दिवस जात. "शिकून सवरून चिखलच बघत बसतेस," असे तिची आईदेखील म्हणे. परंतु तिला त्या चिखलाचा लळा होता. ताज्या लगद्यावरची ओली चकाकी, मग ती मावळत जाऊन पृष्ठभागावर सायीसारखी धरणारी मंदता, आणि अखेरीस टेकवलेल्या बोटालाच नकार देणारा तो ताठपणा... एवढी स्थित्यंतरे एका वाटीत घडताना पाहून तिला दर वेळी नवल वाटे.

त्या सकाळी ती सुईची परीक्षा करीत होती. गोल साच्यात लगदा भरायचा, वर धरलेली बारीक सुई अलगद सोडायची आणि ती किती खोल जाते ते वाचायचे, अशी ती परीक्षा. टेबलाला धक्का लागता कामा नये. म्हणून ती श्वासही जपून घेत होती. नेमके तेव्हाच दार कोपराने ढकलून एक तरुण आत आला. खांद्यावर सिमेंटची गोण. केसांत, भुवयांत, पापण्यांतसुद्धा धूळ. त्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि जिथे मोकळी जागा दिसली तिथे — म्हणजे तिच्याच टेबलावर — ती गोण धप्पकन ठेवली.

सुई थरथरली. तीही थिजून उभी राहिली.

"नमुने इथंच द्यायचे ना?" त्याने विचारले.

"नमुने खाली द्यायचे. इथं परीक्षा चालते. म्हणजे... चालत होती."

"माझ्यामुळे थांबली?"

"सुई बघा."

तो वाकून पाहू लागला. "छान आहे की."

"छान नाहीये, हललीये. आता हे सगळं फेकायचं आणि पहिल्यापासून कालवायचं."

"एवढंच ना? मी देतो कालवून. साइटवर दिवसभर तेच तर चालतं आमचं."

"तुम्ही फावड्यानं कालवता. इथं पाणी थेंबाथेंबानं मोजतात."

"थेंब मोजत बांधायचं म्हटलं, तर वास्तुशांतीला नातवंडं यायची."

तिला हसू आले. ते लपवावे म्हणून ती उगीचच चाळणी उचलून झटकू लागली, आणि त्या झटकण्याने उडालेली धूळ तिच्याच नाकात जाऊन तिला शिंक आली. त्याने खिशातला रुमाल पुढे केला. तो रुमालही सिमेंटने माखलेला होता. त्याने रुमालाकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि गंभीरपणे तो परत खिशात ठेवला.

गोण खाली रीतसर नोंदवून, ती घेऊन तो पुन्हा वर आला तेव्हा मात्र त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. गावासाठी पाण्याची उंच टाकी बांधण्याचे काम त्याच्याकडे होते. अलीकडे आलेले सिमेंट कालवून घमेल्यात काढावे, तोच ते दगडासारखे ताठ होई. थापी चालत नसे. कारखान्याला कळवले तर उत्तर आले, की तुमच्या माणसांना कालवता येत नाही.

"आणि तुमची माणसं काय करतात मग?" तिने विचारले.

"काय करणार? पाणी घालतात थोडं. मऊ होतं."

तिने नमुना तोलला, पाणी मोजले आणि कालवायला घेतले. लगदा सुरेख झाला; चकाकू लागला. तो पलीकडे स्टुलावर बसून तिच्या हातांकडे पाहत होता. आपल्या हातांकडे कोणी इतक्या एकाग्रतेने पाहत असल्याची जाणीव तिला झाली, आणि कालवण्याची लय किंचित चुकली. थोड्याच वेळात लगद्याची चकाकी गेली. थापी अडखळली. तो पदार्थ पाहता पाहता ताठरला.

"बघा. अस्संच होतं." तो उठला आणि सवयीने त्याचा हात पाण्याच्या मापाकडे गेला.

तिने त्याचे मनगट धरले.

"पाणी नाही."

"मग... वाया गेलं हे?"

"नाही. आधी भांड्याला हात लावा. गरम लागतंय?"

त्याने भांड्याला तळहात लावला. मनगट अजून तिच्या हातातच होते, हे दोघांच्याही एकाच क्षणी ध्यानात आले, आणि सोडण्याची घाई मात्र कोणीच केली नाही.

"भांडं गार आहे," तो म्हणाला. "बाकीचं सांगता येत नाही."

तिने हात सोडला. कानशिले तापली ती तिचीच. "खरंच आळलं असतं तर भांडं तापलं असतं. हे नुसतंच ताठरलंय. आता पुन्हा कालवा. जोर लावून. पण थेंबभरही पाणी न घालता."

त्याने बाह्या सरसावल्या. प्रथम लगदा हटला नाही. मग त्याच्यात भेग पडली, मग तो हलला, आणि हळूहळू, कोणी समजूत काढावी तसा, तो पुन्हा मऊ होऊन चकाकू लागला. तरुण पाहतच राहिला.

तेव्हा तिने त्याला उलगडून सांगितले. भट्टीतून निघालेले खडे आणि थोडे जिप्सम एकत्र दळून सिमेंट होते. गिरणी फार तापली, तर त्या जिप्सममधले पाणी उडून जाते. मग ते आपले हरवलेले पाणी लगद्यातून परत ओढून घेते आणि सगळे तात्पुरते ताठरते. हे ताठरणे फसवे असते. नुसते पुन्हा घोटले की मोडते. त्यात पाणी ओतले तर मात्र लगदा मऊ दिसतो आणि कायमचा दुबळा होतो.

त्याचा चेहरा उतरला. "टाकीच्या तळाजवळची भिंत... तिच्यात पाणी घातलंय आम्ही. मी 'घाला' म्हणालो होतो."

तिने पुष्कळ माणसे पाहिली होती. या जागी पोहोचल्यावर ती सगळी एकच प्रश्न विचारीत: काही मार्ग नाही का? वरून काही लेप, काही औषध? तो तसे काही म्हणाला नाही. त्याने खिडकीबाहेर पाहिले आणि शांतपणे म्हटले, "पाडतो. आजच सांगतो."

प्रेमाची सुरुवात नेमकी कुठे झाली, हे माणसाला सहसा सांगता येत नाही. तिला सांगता येत असे. त्या एका शब्दापाशी.

मग तिने गोणीवरचा शिक्का नीट पाहिला, आणि हातातली थापी खाली ठेवली.

"एक सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "ही गिरणी आमचे आप्पा चालवतात. माझे वडील."

त्याने गोणीला हात घातला. "मग मी गोण दुसरीकडे नेतो. तुम्हाला कशाला अडचण."

"का? मला सुई वाचता येत नाही?"

"तसं नव्हे..."

"मग गोण इथंच राहील."

मोठ्या बाई, म्हणजे संशोधनशाळेच्या प्रमुख, तिचे म्हणणे ऐकून एवढेच बोलल्या, "तुझा निष्कर्ष बरोबर असणार. पण तुझ्या हातचा चालणार नाही." त्यांनी दुसऱ्याकडून सगळे नव्याने करवले. फरक पडला नाही. मात्र शाळेचा एक नियम होता: ज्याने नमुना आणला, त्याने तक्रार कायम ठेवली तरच अहवाल कारखान्याला आणि इतर ग्राहकांना जाई. त्याने तक्रार मागे घेतली, तर सगळे तिथेच मिटे.

टाकीची ती भिंत पाडली गेली. नव्या भिंतीचे नमुने घेऊन तो वारंवार येऊ लागला. नमुने एका बंद दालनात ठेवीत, जिथे छताजवळच्या नळ्यांतून अखंड बारीक तुषार उडत असत. सिमेंट पोसायला ओल लागते. त्या धुक्यात शिरले की पापण्यांवर थेंब जमत आणि समोरचा मनुष्य अर्धा दिसे, अर्धा कल्पावा लागे.

"नमुना नोकराबरोबर पाठवला तरी चालतो," ती एकदा म्हणाली.

"नोकर वाटेत हिसके देतो त्याला."

"आणि तुम्ही?"

"मी मांडीवर घेऊन येतो. तान्ह्या बाळासारखा. बसमधली माणसं सरकून जागा देतात."

"सुईलाही धक्का न लावण्याइतके जपून वागायला शिकलात म्हणजे."

"शिकवणारी कडक आहे. साइटवर माझी माणसं विचारतात, साहेब, सुईबाई काय म्हणाल्या?"

"सुईबाई?"

"तुमचं नाव पडलंय तिकडे. मी नाही पाडलं." तो थांबला. "...बरं, मीच पाडलं."

"इथं तुम्हाला टाकीवाला म्हणतात. तेही मी नाही पाडलं."

दोघेही हसले. तिच्या बटेवरून एक थेंब ओघळून कपाळावर आला. त्याने बोट उचलले... आणि मध्येच थांबवले.

"पुसू का?"

"नमुन्यांना हात लावायच्या आधी विचारलं नव्हतं कधी."

"नमुने ओरडत नाहीत."

"मीही नाही ओरडणार," ती म्हणाली, इतक्या हळू की तुषारांच्या आवाजात ते विरघळून जावे. पण त्याला ऐकू आले.

घरी मात्र वातावरण निराळे होते. आप्पांच्या कानावर सगळे गेले होते. ते निवृत्तीला आले होते. उभ्या आयुष्यात त्यांच्या गिरणीच्या मालाला कोणी नाव ठेवले नव्हते. लहानपणी मूठभर सिमेंट कागदात बांधून घरी आणणारे आणि डब्याच्या झाकणात ते कालवायला तिला शिकवणारे तेच. त्यांनी जेवणाचे ताट बाजूला सारले.

"माझ्या गिरणीचा माल माझ्याच लेकीनं नापास केला. लोक मला हसत हसत विचारतात."

"हसू देत, आप्पा. भिंत पडली असती तर कोणी हसलं नसतं. गिरणीतले पाण्याचे फवारे चालू आहेत ना?"

"पुढच्या आठवड्यात बघू," ते पुटपुटले. गिरणी तापू नये म्हणून आत पाणी फवारणाऱ्या तोट्या बुजल्या होत्या. त्या काढायच्या तर गिरणी बंद ठेवावी लागली असती, आणि मागणी तर दाराशी उभी होती. 'पुढच्या आठवड्यात बघू,' असे म्हणत त्यांनी कित्येक आठवडे ढकलले होते. हे तिला त्या पुटपुटण्यातून कळले.

"आणि तो टाकीवाला," आप्पा म्हणाले, "त्याच्याशी तुझं काय चाललंय, तेही ऐकलंय मी."

"ऐकलंत ते खरं आहे. मला त्याच्याशी लग्न करायचंय."

"ऐक हिचं," आप्पा आईला म्हणाले.

"ऐकतेय," आई म्हणाली. "तुम्हीही ऐका जरा."

आप्पांनी ऐकले नाही. त्यांनी टाकीवाल्याला निरोप पाठवला. तक्रार मागे घे, माझी लग्नाला हरकत नाही. मांडवात मी स्वतः उभा राहीन.

दुसऱ्या दिवशी तो संशोधनशाळेच्या जिन्यात तिची वाट पाहत उभा होता. हातात नमुना नव्हता.

"मी विचार केला," तो म्हणाला. "भिंत आपण पाडली. नवं सिमेंट दुसरीकडून आणलं. टाकी आता पक्की आहे. तक्रार राहिली काय, गेली काय... कोणाला काय फरक पडतो?"

"ती गिरणी आत्ता चालू आहे. तिच्यातून निघालेली गोण आत्ता कुणाच्या तरी घमेल्यात पडतेय. तिथं कोण आहे पाणी घालू नका म्हणून सांगायला?"

"तू माझ्यावर का चिडतेस? मी हे तुझ्यासाठी करतोय."

"माझ्यासाठी? माझ्यासाठी काय करायचं ते मला विचारलंस?"

तो जिन्याच्या पायरीवर बसला. "मला तू हवी आहेस. बस्. त्यांचा होकार मिळतोय, तू घरादाराला दुरावणार नाहीस. मला वाटलं तुला आनंद होईल."

ती त्याच्या शेजारी बसली. जिन्यावरून येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात होते आणि ऐकू न आल्यासारखे ऐकत होते.

"मलाही तू हवास," ती म्हणाली. "इतका, की सांगायची लाज वाटते. पण ज्यानं माझ्यासमोर 'पाडतो' म्हटलं, तो हवाय. भिंत मोडली तरी चालेल, पण शब्द मोडायचा नाही असा. तू तक्रार मागे घेतलीस तर आप्पा हो म्हणतील. नाही मी म्हणेन."

त्याने तळहाताने तोंड पुसले आणि हसला. ओशाळे, पण मोकळे हसू.

"तुझी सुई फार खोल जाते," तो म्हणाला.

"मऊ असलं की जाते."

"चल मग."

"कुठं?"

"तुमच्या घरी. नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणू. निरोपानं काय म्हणायचं."

ते दोघे आप्पांच्या पुढे उभे राहिले. आप्पांनी त्याला 'बसा' म्हटले, याहून अधिक काही म्हटले नाही. त्याने तक्रार कायम ठेवत असल्याचे सांगितले. आवाज चढवला नाही, मानही खाली घातली नाही. भिंतीत पाणी घालण्याची परवानगी आपणच दिली होती, हेही त्याने न विचारता सांगितले. "माझी चूक अहवालात लिहा म्हणालोय मी. तुमची वगळा, असं मला म्हणता येत नाही," तो म्हणाला.

"तर मग माझा होकार नाही," आप्पा म्हणाले.

आई पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. लेक पुढे झाली आणि वडिलांच्या पायांशी, लहानपणी बसे तशी, जमिनीवर बसली.

"आप्पा, तुमचा होकार मला फार हवा आहे. तुम्ही मांडवात उभे राहावं, हे मी कधीपासून मनात धरून आहे. पण या अटीवर नको. या अटीवर मिळाला तर मी आयुष्यभर तुमच्याकडे बघताना ती गिरणीच बघीन. तुम्ही मला शिकवलं ते मी विसरले नाही. म्हणूनच ऐकत नाहीये."

"म्हणजे माझ्याशिवाय करणार?"

"तुमच्याशिवाय करावं लागलं तर... हो. रडत करीन, पण करीन."

आप्पा उठून आत गेले. दार आपटले नाही. नुसते लावून घेतले. आपटले असते तर तिला अधिक सोपे गेले असते.

अहवाल गेला. संशोधनशाळेने सर्व ग्राहकांना कळवले. गावात चार लोक चार गोष्टी बोलले. 'शिकलेल्या मुली अशाच' म्हणणारेही निघाले. त्यांना तिने उत्तर दिले नाही, रस्ताही बदलला नाही. घरात आप्पा तिच्याशी कामापुरते बोलत: दिवा मालव, आईला औषध दे. ती ते ऐके, करी, आणि ठरल्या दिवसाची वाट पाही.

लग्न विवाहनोंदणीच्या कचेरीत व्हायचे होते. लाकडी बाक, भिंतीवर घड्याळ, आणि खिडकीतून येणारे लख्ख ऊन. तो धुतलेल्या सदऱ्यात आला होता, आणि धुळीशिवाय इतका अनोळखी दिसत होता, की तिने त्याला दोनदा पाहिले.

"चुकीच्या माणसाशी लग्न होईल माझं," ती म्हणाली. "जरा धूळ तरी लावून यायचंस."

"खिशात रुमाल आहे," तो म्हणाला. "तोच."

त्याच्याकडून त्याची थोरली बहीण आली होती, साक्षीला मोठ्या बाई होत्या. तिच्या बाजूच्या बाकावर कोणी नव्हते. ती त्या बाकाकडे पाहायचे टाळत होती, आणि तेच त्याला दिसत होते. त्याने तिचा हात हातात घेतला.

कारकुनाने नाव पुकारायला तोंड उघडले, तेवढ्यात दारात आई दिसली. एकटीच. घाईने चालून आल्यामुळे दम लागलेला, केस विस्कटलेले. ती येऊन त्या रिकाम्या बाकावर बसली, मग उठून लेकीजवळ गेली आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"आप्पा?" तिने विचारले. विचारणार नाही असे ठरवूनही.

"गिरणीवर आहेत," आई म्हणाली. "सकाळीच गेले. म्हणाले, आज गिरणी बंद ठेवतोय. फवाऱ्याच्या तोट्या स्वतः काढून साफ करतायत, त्या झाल्याशिवाय चालू करायची नाही म्हणे. वरचा साहेब ओरडतोय, तर त्याला म्हणाले, ओरड."

"आजच?"

"आजची रजा घेऊन ठेवली होती त्यांनी. मला माहीत नव्हतं. कपडेही काढून ठेवले होते. मग काय वाटलं देव जाणे. उठले, ते कपडे तसेच ठेवले आणि कामाचे घालून गेले." आईचा आवाज ओला झाला. "जाताना एवढंच म्हणाले, तिला सांग."

"काय सांग?"

"एवढंच. तिला सांग."

मुलीने डोळे मिटले. ते मांडवात उभे राहिले नव्हते. त्या वेळी ते गिरणीच्या तप्त पोटात वाकून, बुजलेली एकेक तोटी हाताने मोकळी करीत होते. तिने जे मागितले होते ते त्यांनी दिले होते, आणि जे मागायचे तिने सोडून दिले होते ते अजून त्यांच्यापाशीच होते. तिला रडू आले. आपण रडत करीन म्हणालो होतो, हे आठवून रडता रडता हसूही आले. त्याने तो करडा रुमाल पुढे केला, आणि या खेपेला तिने तो घेतला.

"सही कुठं करायची?" तिने कारकुनाला विचारले, आणि ठळक अक्षरांत सही केली.

त्या दोघांचे घर नांदते राहो. त्यांच्यात रुसवे येतील तेव्हा ते लवकर मावळोत. ज्या मातेने दोन्हीकडचे ऐकले, तिला दीर्घ आयुष्य लाभो. आणि त्या दिवशी घरी परतताना ज्या वृद्धाचे हात काळेकरडे झाले होते, त्याचे पाऊल, आज नाही तर उद्या, लेकीच्या दाराकडे वळो. ते दार त्याला उघडे सापडो.